दुपारीच मिटणारा टॅब

मित्रांनो, माझ्या डाव्या कोपऱ्याला एक पोचा आहे आणि पाठीवर शिंप्याच्या खडूचा एक ओरखडा आहे. तो काही केल्या जात नाही. मी एक टॅब आहे, सात वर्षांचा. माणसांचे सात वर्षांचे मूल दुसरीत असते आणि त्याचे दुधाचे दात पडत असतात. आमच्यात सात वर्षे झाली की लोक नुसते विचारतात, "अजून चालतो हा?"

चालतो. पण मधे जवळजवळ महिनाभर माझे काही खरे नव्हते. त्याच दिवसांविषयी मला सांगायचे आहे.

मी एका लांबच लांब, पांढऱ्या दिव्यांच्या कारखान्यात तयार झालो. माझ्या पोटात बॅटरी बसवणारे हात मला आठवतात. हातमोजे घातलेले, भराभर चालणारे हात. चेहरा आठवत नाही, कारण तेव्हा मला कॅमेरा बसवलेला नव्हता. मग खोका, खोक्यातला अंधार, दुकानाचे कपाट, आणि एक दिवस एका तरुणाने मला काखेत मारून घरी नेले. त्याने मला त्याच्या आईच्या पुढ्यात ठेवले आणि तोंडाने एक अक्षर न काढता तिला सगळे सांगितले. हातांनी.

त्याच्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही. सगळी गल्ली तिला शिवणताई म्हणते. मी मात्र तिला आईच म्हणतो, कारण घरात शिरल्यावर मला पहिली ओळख तीच करून दिली गेली. मुलाला ऐकू येते, बोलता येते. पण तो आधी हातांनी बोलायला शिकला आणि मग तोंडाने. आईच्या भाषेत त्याचे नाव म्हणजे गालावर टेकवलेले एक बोट. तिथे त्याला खळी पडते.

घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणाचे मशीन, समोरच्या भिंतीला गिऱ्हाइकांसाठी पुरुषभर उंचीचा आरसा, आणि खुंट्यांवर अर्धवट शिवलेले शर्ट, झगे, पडदे. मागे स्वयंपाकघर. दोन्हींच्या मधे एक दार आहे, त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला काच आहे. आईचे वडील गेले, नवरा गेला, मुलगा मोठा झाला. या सगळ्यात मशीन खिडकीजवळून हललेले नाही.

मुलाला मालवाहू जहाजावर आचाऱ्याच्या हाताखाली काम मिळाले, तेव्हा घरात तीन दिवस नुसती लगबग होती. त्या तीन दिवसांत त्याने मला एक नवीन काम शिकवले. माझ्यात त्याने 'कानोसा' नावाचे अॅप घातले. हे अॅप आवाज ऐकते आणि दिवा लावून सांगते. दाराची घंटा वाजली की माझा पडदा पांढरा चमकायचा. कुकरची शिट्टी झाली की लाल. नळ चालू राहिला की पिवळा. आणि शेवटच्या दिवशी तो दाराबाहेर गेला, दार लावून घेतले आणि बाहेरून हाक मारली, "आई!"

मी निळा झालो.

आईने माझ्याकडे पाहिले, मग दाराकडे. ती उठून गेली, दार उघडले. तो बाहेर हसत उभा होता. तिने त्याला परत बाहेर ढकलले, दार लावले आणि माझ्यासमोर येऊन बसली. तो पुन्हा हाक मारायचा, मी पुन्हा निळा व्हायचो. असे त्यांनी अकरा वेळा केले. मित्रांनो, मी मोजले आहे. सव्वीस वर्षे तो तिला हाक मारत होता, आणि ती हाक त्या दिवशी पहिल्यांदा तिला पोचत होती.

दुसऱ्या दिवशी तो गेला.

मग माझे खरे वैभवाचे दिवस सुरू झाले. आई मला मशीनच्या पाटावर, कात्रीच्या शेजारी ठेवायची. जहाज कुठल्याही बंदराला लागले की मुलगा व्हिडिओ कॉल करायचा. त्याची वेळ ठरलेली नसे. मी चमकलो की आईचा पाय मशीनवरून उचलला जायचा, आणि दोघांचे हात बोलायला लागायचे. घरात एक छोटा बटणांचा फोनही होता, पण त्यात फक्त अक्षरे यायची. आईला वाचता येते, लिहिताही येते; पण अक्षरे तिला पाहुण्यांसारखी वाटतात. माया हातांतच.

तिची नणंद, म्हणजे मुलाची आत्या, दर दोन-चार दिवसांनी यायची. ती एका लॉन्ड्रीत इस्त्रीचे काम करते. तिचे हातांचे बोलणे मोडकेतोडके, पण तोंड मात्र अखंड चालू. ती माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "वहिनी, हा टॅब नाही गं, हा तुझा धाकटा आहे!" मी फुलून जायचो.

एके सकाळी माझ्या पडद्यावर सूचना आली: नवीन अपडेट आले आहे, तुमचा टॅब आता अधिक हुशार होईल. आईने विचार केला आणि 'हो' वर बोट ठेवले. माझे डोळे तासभर मिटले. उघडले तेव्हा सगळे नवे, गुळगुळीत, चकचकीत. मलाही बरे वाटले.

पण दुसऱ्या दिवसापासून माझे काहीतरी बिनसले. आधी एकदा पोटभर चार्ज केला की मी दोन दिवस आरामात काढायचो. आता सकाळी आठला शंभर टक्के असलो तर दहाला पन्नास, अकराला वीस, आणि बाराच्या ठोक्याला मी मिटायचो. खिडकीजवळचे एकुलते एक सॉकेट मशीनला आणि इस्त्रीला लागे. म्हणून आई मला उचलून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी असाच मिटून स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर पडलो होतो. संध्याकाळी जाग आली तेव्हा माझ्या पडद्यावर तीन हुकलेले कॉल होते आणि खाली एक निरोप. "आई, बंदरावर होतो. दोन तास मिळाले होते. तू उचलला नाहीस. आता जहाज सुटतंय. पुढचं बंदर चोवीस दिवसांनी. बरी आहेस ना?"

आईने तो निरोप उभ्याने वाचला. मग खाली बसून वाचला. उत्तर लिहून पाठवले, पण जहाज निघून गेले होते; माझ्या पडद्यावर ते 'पोचले नाही' असेच लटकत राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. मित्रांनो, माझ्यामुळे कुणाचे तरी बोलणे हुकले, याचे दुःख काय असते ते मला तेव्हा कळले.

आता पुढच्या बंदराआधी मला बरे करायलाच हवे होते. आत्या बाह्या सरसावून आली.

"अपडेटनंतर दोन-तीन दिवस आत आवराआवर चालते म्हणे," ती म्हणाली. "घर बदलल्यावर नाही का सामान लावत बसतो आपण? तसं. थांबू या." आम्ही आणखी तीन दिवस थांबलो. आवराआवर संपली, पण मी बाराला मिटतच होतो. मग आत्याने पडद्याचा उजेड कमी केला. मी कुठे आहे हे सतत शोधणारी सेटिंग बंद केली. "हा जातोय कुठे? खिडकीशीच तर बसलेला असतो!" मागे उघडी राहिलेली सगळी अॅप बंद केली, मला बंद करून परत चालू केले. शेवटी ती म्हणाली, "हे चमकणंही बंद करू, त्यालाच बॅटरी लागत असेल," आणि बोट पुढे केले. आईने तिचे बोट हवेतल्या हवेत धरले आणि मान हलवली.

मग आत्याने लांब वायरचा बोर्ड आणला आणि मला मशीनजवळच चार्जरला जोडून ठेवले. पण मी एका बाजूने भरत होतो आणि दुसऱ्या बाजूने रिकामा होत होतो. इतका तापलो, की आईने हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. शेवटी दोघींनी हात टेकले आणि मला दुरुस्तीच्या दुकानात नेले.

जिन्याखालचे ते दुकान जेमतेम एका माणसाचे. आत कपाळावर भिंग लावलेली एक बाई बसते. कमी बोलणारी, शांत. तिने मला दोन दिवस ठेवून घेतले. तिच्या दुकानात ना पंखा, ना रेडिओ. आणि मित्रांनो, नवल असे की तिथे मी दोन दिवस टिकलो! तिने माझ्या बॅटरीचा हिशेब पाहिला, तपासण्या केल्या आणि आत्याला म्हणाली, "याला काही धाड भरलेली नाही. वयाच्या मानाने बॅटरी चांगली आहे."

मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी बाराला मिटलो.

पुन्हा दुकानात नेले. पुन्हा ठणठणीत. पुन्हा घरी, पुन्हा आडवा. आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "वहिनी, हा तर सासुरवाशिणीच्या उलटा निघाला. बाहेर बरा आणि घरी आजारी!" आई हसली नाही. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक आकडा खोडला. नऊ दिवस उरले होते.

त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली, जी मला सांगायची लाज वाटते.

सकाळचे साडेदहा वाजले असतील. आई पडद्याची लांब शिवण घालत होती. मशीन भरधाव चालले होते. माझ्या अंगातून ताप निघत होता, मला सगळे आवाज एकात एक मिसळलेले वाटत होते. आणि अचानक मी निळा झालो.

आईचा पाय थांबला. कापड हातातून घसरले. ती उठली ती धावतच दाराकडे गेली, कडी काढताना तिचे बोट चेमटले, तरी तिने दार सताड उघडले. बाहेर कुणी नव्हते. ती जिन्यापर्यंत गेली. जिन्याचा कठडा धरून खाली वाकली. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग परत आली, दार लावले आणि माझ्यासमोर बसून माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. रागाने पाहिले असते तर बरे झाले असते. ती वाट पाहत होती, मी पुन्हा निळा होतो का याची.

मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते, की आई, मी चुकलो, तो आलेला नाही. पण मी दीड तासाने मिटलो, एवढेच मला करता आले.

तिने हे आत्याला सांगितले नाही.

दोन दिवसांनी दुरुस्तीवाली बाई स्वतःच घरी आली. हातात एक जुने जाकीट होते, बाह्या आखूड करायला. पण खरे कारण वेगळे होते. "दुकानात बरा आणि घरी आजारी, म्हणजे आजार घरात आहे," ती आत्याला म्हणाली. "मी नुसती बसते. तुमचं काम चालू द्या." तिने मला मांडीवर घेतले आणि माझ्या पाठीवर तळहात ठेवून बसली, लेकराचा ताप बघतात तशी.

आईने मशीन सुरू केले. बाईने भुवया उंचावल्या. आईने दोरा बदलायला मशीन थांबवले. बाईने मान डोलावली. आईने पुन्हा सुरू केले, तेव्हा बाई सरळ उठली आणि तिने मशीनचे बटण बंद केले. मग तिने कागदी नमुन्याच्या एका तुकड्यावर पेन्सिलीने लिहिले: "अपडेट झाल्यापासून याने काही विचित्र केलं का? एकदाही?"

आईने पेन्सिल हातात घेतली. मग लिहिले: "एकदा निळा झाला. मशीन चालू होतं. बाहेर कोणी नव्हतं."

आत्याने ते वाचले आणि वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला.

बाईने माझा बॅटरीचा हिशेब उघडला. अकरा वाजेपर्यंत जेवढी बॅटरी गेली होती, त्यातली बहुतेक सगळी एकट्या कानोसाने खाल्ली होती. तिने आत्याला समजावले आणि आत्याने हातांनी, खाणाखुणांनी, आईला. पूर्वी कानोसा फक्त शिकवलेल्या चार आवाजांची वाट पाहत निवांत बसायचे. अपडेटनंतर ते जास्त हुशार झाले होते. कानावर पडलेला प्रत्येक आवाज कशाचा आहे हे शोधत बसायचे. आणि माझ्यापासून हातभर अंतरावर शिवणाचे मशीन दिवसभर घरघरत होते. थांबायचे, सुरू व्हायचे. दर वेळी माझ्यासाठी तो नवा आवाज. दुकानात शांतता होती, म्हणून तिथे मी बरा होतो. आत्याला मशीनच्या आवाजाची इतकी सवय, की तिला तो जाणवतच नव्हता. आणि आईला तर ते मशीन कधीच ऐकू आले नव्हते. पंचवीस वर्षे ती त्याला फक्त पायाने आणि बोटांनी ओळखत होती.

"मग सोपं आहे," आत्या म्हणाली. "हे अॅप काढून टाका. बॅटरी टिकेल, कॉल येईल, झालं!"

बाईनेही होकारार्थी मान डोलावली. "तसं केलं तर आजच बरा होईल."

आईने मला बाईच्या हातातून काढून घेतले. मला छातीशी धरून तिने एकाच हाताने, गालावर बोट टेकवले. मग तेच बोट ओठांपाशी नेऊन पुढे फेकले. मुलगा. हाक. पुन्हा तेच. मुलगा, हाक. बाईला हातांची भाषा येत नव्हती, पण तिला विचारावे लागले नाही. ती आत्याकडे वळून हळू म्हणाली, "यात त्याचा आवाज साठवलेला आहे का?"

"हो," आत्या म्हणाली. "आणि अॅप काढलं, तर जाईल?"

"जाईल."

मग बाई घरभर फिरली. दाराच्या घंटेचा डबा स्वयंपाकघरातल्या भिंतीवर होता, तिथे ती थांबली. कुकर, नळही तिथेच. तिने मला स्वयंपाकघरातल्या फळीवर उभे केले, काचेचे दार घट्ट लावले आणि आईला मशीन चालवायला सांगितले. काचेपलीकडून मला फक्त बारीकशी गुणगुण आली. मग तिने आत्याला बाहेर पाठवले. आत्याने घंटा वाजवली आणि वर हाकही मारली, "वहिनी, ऐकू आलं का गं?" तिच्या लक्षात आले आणि ती बाहेर एकटीच हसली. मी पांढरा चमकलो. माझा उजेड काचेतून गेला आणि समोरच्या मोठ्या आरशात पडला. आईने मशीनवरून मान वर केली.

राहता राहिली मुलाची हाक. बाहेरच्या दारातून एवढ्या आत ती पोचेल का? बाई म्हणाली, "मोठ्याने मारली तर पोचेल." आत्या म्हणाली, "तो मारेल मोठ्याने. आत्यावर गेलाय."

त्या दिवशी रात्रीपर्यंत माझी बॅटरी सत्तर टक्के उरली होती.

कॅलेंडरवरचे आकडे संपले. पंचविसाव्या दिवशी सकाळी, आई कॉलर उलटवत असताना मी चमकलो. आरशात उजेड नाचला. तिने दार उघडून मला उचलले तेव्हा तिच्या बोटांत अजून टाचणी होती.

मुलगा जहाजाच्या खानावळीत उभा होता, मागे पातेल्यांची चळत. दाढी वाढलेली.

"मागच्या वेळी का नाही उचललास?" त्याचे हात भराभर चालले. "मला वाटलं तुला काही झालं. चोवीस दिवस मला झोप नाही."

"मला काय होतंय? हा आजारी होता." आईने माझ्याकडे बोट केले.

"आता?"

"आता बरा आहे. तू दाढी काढ."

तो हसला. गालावर खळी पडली, दाढीतून अर्धीच दिसली. मग त्याचे हात हळू झाले. जहाजाला दुसरा माल मिळाला होता, वाट बदलली होती. पुढच्या महिन्यात येणारा तो आता आणखी पाच महिने येणार नव्हता.

चित्र मधेच गोठले. त्याचे हात हवेत तसेच अडकले. आईने पडद्यावर, त्याच्या तळहातावर स्वतःचे बोट ठेवले आणि चित्र हलेपर्यंत ठेवले.

"जेवतोस ना?" तिने विचारले.

"आई, मी स्वयंपाकघरातच असतो."

"तेच विचारतेय. सगळ्यांना वाढून उरतं का तुला?"

"उरतं."

कॉल संपल्यावर तिने माझा पडदा पदराच्या टोकाने पुसला, मला फळीवर ठेवले आणि काचेचे दार लावून घेतले.

मित्रांनो, आता माझी बॅटरी दोन दिवस टिकते. सगळे म्हणतात, टॅब बरा झाला. पण मी आता मशीनच्या पाटावर नसतो. कात्री शेजारी नसते, खडूची भुकटी अंगावर पडत नाही. काचेतून मला आईची पाठ दिसते आणि आरशात, लांबवर, तिचे हात. मशीन चालताना दिसते, ऐकू येत नाही. ज्या आवाजाने मी महिनाभर आजारी पडलो, त्याचीच मला आठवण येते. मला वाटते, तिच्या जवळ बसून रोज बाराला मिटलो असतो तरी मी तक्रार केली नसती. पण माझे काम जवळ बसण्याचे नाही, जागे राहण्याचे आहे; म्हणून मी इथे आहे.

तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणीतरी असेल, जो पूर्वीसारखा टिकत नाही, लवकर दमतो, तापतो. त्याला लगेच म्हातारा ठरवून खणात टाकू नका. त्याचा उजेड कमी करा, त्याला थोडी उसंत द्या, आणि तेवढ्याने भागले नाही तर त्याच्या पाठीवर हात ठेवून दहा मिनिटे नुसते शेजारी बसा. दिवसभर तो कुणासाठी कान लावून बसलेला असतो, ते एकदा बघा.